सिकलसेल आणि जनुक उपचार

गडचिरोली-चंद्रपूरकडे एसएस पॅटर्नच्या, म्हणजे सिकलसेलचा आजार असलेल्या मुलांचे आईवडील हल्ली विचारतात, ‘जीन बदलून सिकलसेल कायमचा बरा होतो म्हणे?’

असा उपचार आहे. 8 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेने ‘लिफजेनिया’ला मान्यता दिली. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढतात, रोग पसरवण्याची ताकद काढून घेतलेल्या विषाणूकरवी त्यांत चांगलं हिमोग्लोबिन बनवणारं जनुक घालतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. पण ते जनुक नेमकं कुठे बसेल, हे आपल्या हातात नसतं. काळजीची गोष्ट तीच.

पॅरिसमध्ये 1999 साली जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांवर असा उपचार सुरू झाला. बाळं सावरली, पण पुढे त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला, एक दगावलं. त्या विषाणूच्या दोन्ही टोकांना जनुक चालू करणारा जबर भाग होता. तो एलएमओ2 या जनुकाजवळ बसला आणि ते नको तेवढं चालू झालं. धुरा फुटला की एका बांधीतलं पाणी शेजारच्या धानात शिरतं, तसंच हे. मग शास्त्रज्ञांनी टोकांचा तो भागच कापला आणि आतल्या जनुकाला ठरावीक पेशींतच चालणारं, सौम्य बटण दिलं. एचआयव्हीपासून बनवलेले असे नवे वाहक आता वापरात आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या 5 रुग्णांना असाच उपचार दिला, त्यांचा रक्तस्राव थांबला. मला याचा फार आनंद आहे.

तरी धोका संपलेला नाही. लिफजेनियाच्या माहितीपत्रकात रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा आहे. आधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते, त्याने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. किंमत 31 लाख डॉलर, म्हणजे 25 कोटी रुपयांच्या वर. तेव्हा ‘जीनचा इलाज करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागून शेत विकू नका.

त्यापेक्षा सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी डॉक्टर सांगतील तशी रोज द्या, ठरल्या वेळी रक्त तपासा. पोराला दुखतं म्हटलं की पाणी भरपूर पाजा. लग्न ठरवण्याआधी दोघांचीही तपासणी करा. दोघंही एएस, म्हणजे सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळ एसएस होण्याची शक्यता 25 टक्के असते. आणि एसएसच्या मुलाला ताप आला, धाप लागली किंवा डोळे एकदम पांढरे पडले, तर पुजाऱ्याकडे रात्र घालवू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.