भांडा, पण वाचून



मघाशी सर्वधर्म प्रार्थना झाली. चार वेषांतले चार धर्मगुरू, एक समई आणि चौघांचेही एकच वाक्य: सगळे धर्म एकच शिकवतात. टाळ्या पडल्या, मी वाजवल्या नाहीत. हे वाक्य बोलायला एकही धर्मग्रंथ उघडावा लागत नाही, हीच माझी तक्रार आहे.

संत एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ घ्या. त्यातले दोघे आल्या आल्या गळ्यात पडत नाहीत. एकमेकांच्या देवाची, पुराणांची, कर्मकांडाची यथेच्छ टर उडवतात आणि मनातले सगळे ओकून झाल्यावरच गळाभेट होते. आज असे काही रंगमंचावर आणायचे म्हटले, तर आयोजक आधी पोलीस ठाणे गाठतील. आणि नाथ तरी कोणाच्या घरातले? त्यांचे गुरू जनार्दनस्वामी. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, असे परंपरा सांगते. त्याच बोधल्यांचे शिष्य श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे. त्यांच्या समाधिस्थळाला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावर आज हमरीतुमरी चालते. भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘योगसंग्राम’ उघडला आहे? दोन्ही बाजूंना विचारतो.

फादर स्टीफन्स म्हटले की आपण गहिवरतो. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६चे, ओव्या अकरा हजारांच्या घरात. जरूर गौरव करा. पण तो ग्रंथ ख्रिस्ती धर्म रुजवायला लिहिला होता आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, ठाण मांडून बसले होते, हेही त्याच दमात सांगा. समान सत्य मिरवायचे आणि असमान सत्ता झाकायची, हा धंदा मला मान्य नाही.

जोतीराव फुल्यांनी काहीच झाकले नाही. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये निघाले. त्यात एक घर आहे. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि कोणी कोणाचा द्वेष करायचा नाही. नीट ऐका, त्या घरातली बाई ग्रंथ वाचून स्वतः धर्म निवडते. आपल्या वधूवर सूचक मंडळांच्या अर्जावर आजही पोटजातीचा रकाना असतो!

विनोबा भावे कुराणासाठी अरबी शिकले, मग ‘कुराण-सार’ काढले. माझे त्यांच्याशीही भांडण आहे. सार काढताना टोचणारे तेवढे नेमके गळते. पण हे भांडण करायचा हक्क मूळ वाचणाऱ्याचाच. बाकीच्यांनी आधी बसून वाचावे.

तेव्हा संयोजकांना माझी विनंती, खरे तर मागणीच. पुढच्या वर्षी प्रार्थना रद्द करा. त्या वेळात एखाद्या मौलवींना गीतेवर बोलायला बोलवा, कीर्तनकारांना कुराणावर आणि भन्तेजींना बायबलवर. पटले काय, खटकले काय, दोन्ही सांगू द्या. श्रोत्यांच्या हातात माईक द्या आणि आवाज चढला म्हणून तो काढून घेऊ नका. हेही जमणार नसेल, तर निदान तुमच्या ग्रंथालयासाठी ‘योगसंग्राम’ची एक प्रत घ्या. सभेला येण्याआधी मी कपाटे पाहून आलो. तिथे ती नाही.