हिमाच्या घरातील ऊब



भर वैशाखात कोळगावच्या सभेत हिमाच्या घरांविषयी बोलणे ही थट्टाच वाटेल. ऐकता ऐकता थोडा गारवा वाटला तरी पुष्कळ झाले! पण प्रश्न खरा आहे. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक, ज्यांना आपण शाळेत एस्किमो म्हणत असू, त्यांनी बर्फाचीच घरे बांधून थंडीपासून बचाव केला तो कसा?

हे आपल्याला पटत नाही, याचे निम्मे कारण आपल्या बोलण्यात आहे. सातपाटीला मासळीवर घालतात तोही बर्फ आणि हिमालयात भुरभुरतो तोही बर्फच. वास्तविक पहिला दगडासारखा भरीव, तर दुसरा पिंजलेल्या कापसासारखा. ताज्या हिमाचे दहांतले नऊ भाग नुसती हवा असते. ती बारीक कप्प्यांत कोंडलेली असल्यामुळे हलत नाही, आणि न हलणाऱ्या हवेतून उष्णता फार सावकाश जाते. घरासाठी वाऱ्याने दाबलेले हिम सुरीने कापून घेतात. त्यातूनही उष्णता भरीव बर्फाच्या मानाने सुमारे एक दशांशच जाते.

यात आपल्याला अपरिचित असे काही नाही. बर्फाची लादी लाकडाच्या भुशात ठेवतात, तो भुसा काही थंड नसतो. बाहेरची उष्णता तो आत येऊ देत नाही, एवढेच. आपल्याकडील वारली घराच्या पेंढ्याच्या छपराखाली दुपारी जो विसावा मिळतो तो पत्र्याखाली मिळत नाही, त्याचेही मर्म पेंढ्यातल्या हवेत आहे. (पत्रा टिकतो, हे खरे, पण दुपारी त्याच्याखाली बसून पाहावे.) हिमाची भिंत हेच काम उलट दिशेने करते. ती ऊब देत नाही. आपण आणलेली ऊब जाऊ देत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडते. अशी चार माणसे आणि सीलच्या चरबीचा एक दिवा, एवढ्या भांडवलावर बाहेर शून्याखाली ४० अंश असताना आतली हवा शून्याच्या आसपास, कधी त्याच्या थोडी वर राहते. शिवाय वारा लागत नाही. कातडी पांघरलेल्या माणसाला तेवढे पुरते.

दाराची युक्ती तर मला फार आवडते. ते जमिनीलगत, भुयारासारखे असते. निजण्याचा ओटा उंचावर. थंड हवा जड, ती खाली भुयारात साचते. उबदार हवा वर, निजणाऱ्यांपाशी राहते.

आता आपल्या जवळची गोष्ट. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा एक जवान होता. सहाव्या दिवशी सुमारे २५ फुटांखाली धारवाड जिल्ह्यातले हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. चिरडलेल्या तंबूत हवेची एक पोकळी राहिली होती. ज्या हिमाने गाडले, त्यानेच वरची जीवघेणी थंडी अडवून धरली, असे मानायला जागा आहे. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. बाकीचे नऊ जण परतले नाहीत.

म्हणून हिमाचे गुण सांगताना त्याची दुसरी बाजू झाकता येत नाही. जी भिंत ऊब कोंडते, ती श्वासही कोंडते. आत दिवा किंवा स्टोव्ह जळत असेल तर धोका दुप्पट. बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, त्याला कारण असणारा वायू वासावरून कळत नाही. यासाठी इन्युइट घराच्या माथ्याशी एक भोक ठेवतात. थोडी ऊब त्यातून जाते, ती जाऊ देतात. वादळात हिम साचून ते भोक बुजते. मग आतल्या माणसाने उठावे आणि काठीने ते पुन्हा मोकळे करावे. हिम कापण्याची सुरीही आतच ठेवतात, कारण सकाळी दार सापडेलच असे नाही.