बर्फात झोपलेले जंतू



थंडीनं जंतू मरतात, असा आपला पक्का समज आहे. म्हणून पाणी उकळून पिणारा माणूसही बर्फाचा खडा बिनधास्त तोंडात टाकतो. बोर धरणाच्या वाटेवरचं आमचं हिंगणी घ्या, नाहीतर वर्ध्याचा बाजार. नवतपा लागला की बर्फगोळ्याच्या गाडीभोवती पोरांची झुंबड उडते. तेव्हा हा समज एकदा तपासून पाहायला हवा.

जंतूच्या अंगात बहुतेक पाणीच असतं. भोवतालचं पाणी गोठू लागलं की उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. कधी पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात आणि तिचं आवरण फाटतं. यात काही जंतू मरतात. पण पुष्कळसे तगून राहतात. त्यांची वाढ तेवढी थांबते. आम्हा कवींच्या लेखी गोठणं म्हणजे संपणं; जंतूंच्या लेखी ते नुसतं थांबणं.

पुरावा हवा तर पुण्यात आहे. तिथल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात २००९ साली सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह सुरू झाला. जंतू जिवंत राहावेत म्हणूनच ते तिथे उणे ८० अंशांवर किंवा द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ठेवतात. द्रवरूप नायट्रोजन म्हणजे उणे १९६ अंश! स्फटिकांनी पेशी फाटू नये म्हणून सोबत ग्लिसरॉल घालतात. असे जंतू वर्षांनंतरही ऊब मिळताच जागे होतात.

आता गोळ्याकडे वळू. पाणी घाण असेल, तर त्याचा बर्फही घाणच. मासळी आणि इतर माल थंड ठेवण्याचा बर्फ खाण्यात येऊ नये, म्हणून महाराष्ट्रात जून २०१८ पासून अशा बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं झालं. निळा बर्फ दिसला तर तो पोटात घालायचा नाही, एवढं पोरांना शिकवून ठेवा. मात्र पांढरा दिसला म्हणून तो शुद्धच, असंही समजू नका. पाणी कुठलं, हे विचारायला लाजू नये.

घरातही हेच. बकरी ईदचं मटण असो की दुधाची पिशवी, फ्रीझरमधून काढून ओट्यावर तासन्‌तास ठेवली की जंतूंची पहाट होते. पोटात बिघाड करणारे काही जंतू अनुकूल उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबानं एकाचे सात तासांत वीस लाखांवर जातात. म्हणून मटणाचे लहान वाटे करून गोठवा, ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या आणि नीट शिजवा. वीज बराच वेळ गेली आणि सगळं वितळून कोमट झालं, तर पुन्हा गोठवून ते चांगलं होत नाही, टाकून द्यावं.

थंडी जंतूंना झोपवते. मारायला चूलच लागते.