नागिणीस भिऊ नये, दिवस दवडू नयेत



पेडणे-डिचोलीकडे कोणास नागीण उठली की आपण प्रथम तिचे तोंड-शेपूट पाहतो. दोन्ही मिळाली की माणूस दगावतो, ही आपली जुनी भीती. ती निराधार आहे. पूर्वी आलेल्या कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतात आणि उतारवयात वा अशक्तपणात पुन्हा जागे होतात. लेप लावण्यात आपण दिवस घालवितो. औषध मात्र पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत घेतल्यास अधिक गुणकारी. डोळ्याजवळ उठल्यास विलंब मुळीच नको. फोड सुकल्यावरही कित्येकांस महिनोन्‌महिने ठणका राहतो. नागीण पुन्हाही उठू शकते. तेव्हा रुग्णास वेळेवर डॉक्टरांकडे नेऊ या, आणि पुढे त्याच्या न दिसणाऱ्या वेदनेवर विश्वास ठेवू या.