शेवटच्या मिनिटाची ताकद

(गणेशोत्सवात शिंदे घाट येथे दिलेले भाषण)



बायजाबाई शिंदे यांनी बांधलेल्या या घाटावर कुस्तीविषयी बोलायला मिळते, हे मी माझे भाग्य समजतो. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आपल्याच मातीतले.

आखाड्यात आपण जोर-बैठका मोजतो. त्यातून चिकाटी कळते. पण मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंद विश्रांती. तिथे झटक्याची ताकद पुन्हा पुन्हा लागते. त्या क्षणी स्नायू प्राणवायूची वाट न पाहता आतल्या साठ्यावर काम करतात. हा साठा किती टिकतो, ते कसे मोजायचे?

वजनकाटा, टेप आणि स्टॉपवॉच पुरे. सपाट मैदानावर ३५ मीटर पूर्ण वेगाने सहा वेळा धावायचे, प्रत्येक धावेनंतर १० सेकंद विश्रांती. वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले वेळेचा घन, म्हणजे ताकद वॅटमध्ये. ७० किलोच्या मल्लाने पहिली धाव ५ सेकंदांत घेतली तर ६८६ वॅट. सहावीला ६ सेकंद लागले तर ३९७. एका सेकंदाच्या फरकाने ४२ टक्के घट!

मोठ्या दुरुस्तीनंतर डिझेल इंजिन आम्ही लोड बॉक्सवर तपासतो; नुसते सुरू झाले म्हणून सोडत नाही. मल्लाचेही तसेच.

अर्थात, धावणे म्हणजे पकड नव्हे. म्हणून मल्लाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करावी. वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलेल्या मुलाला मात्र धावायला लावू नये.

शेवटच्या मिनिटाला हरणाऱ्या पोराला आपण ‘जिगर नाही’ म्हणतो. आधी मोजू या, मग बोलू या.

गणपती बाप्पा मोरया!