ॲप करा, पण चावी सोसायटीकडे ठेवा
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)

रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत लेजर पोस्टिंग मशीन आली. तेव्हा एक रकाना वाढवायचा तरी वरच्या ऑफिसला पत्र लिहा आणि वाट बघा! आता झोहो क्रिएटर, गूगलचं ॲपशीट अशा साधनांत फॉर्म आपणच मांडायचा, नियम आपणच सांगायचे. कोड फारसा लिहावा लागत नाही. मेंटेनन्स, गळतीच्या तक्रारी, महापुरात नळ बंद पडले की टँकरची पाळी, सगळं त्यात बसतं. तरुण मंडळींनी हे जरूर करावं.

मात्र चार गोष्टी सांभाळा. खातं सोसायटीच्या ईमेलवर हवं, सेक्रेटरीच्या नको. कमिटी पाच वर्षांनी बदलते. बँकेतला जुना नियम पाळा: व्हाउचर करणारा एक, पास करणारा दुसरा. उपविधीप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज, तेही ठरलेल्या कमाल दरापर्यंतच. ॲपला चक्रवाढ सांगितलंत तर ते बिनबोभाट चक्रवाढ लावेल, आणि बोर्डावर नाव लागेल ते आपल्याच शेजाऱ्याचं. शेवटचं, दरमहा सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घ्या. साधन कंपनीचं आहे, हिशेब आपला आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या कमिटीला आजची पावती मागताक्षणी सापडली पाहिजे.