अर्धा डॉक्टर

दोस्तांनो, मेडिकलच्या सीईटीत माझा नंबर लागला नाही तेव्हा खालूंनी अब्बांना सांगितलं, "बायोमेडिकलला टाका, अर्धा डॉक्टर तर होईल." बारावीला गणित होतं, म्हणून प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षी मी लपून सीईटीचीच तयारी करत होतो. परत नंबर लागला नाही तो नाहीच, वर गणितात केटी लागली. ही गोष्ट घरी बरीच उशिरा सांगितली.

माणसाचं शरीर भेटलं दुसऱ्या वर्षी, तेही सर्किटसोबत. ईसीजीचं प्रॅक्टिकल होतं. हृदयाचा त्वचेवर मिळणारा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्टचा आणि आजूबाजूच्या वायरिंगमधून शरीरावर येणारा ५० हर्ट्झचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट मोठा. मित्राला इलेक्ट्रोड लावले तर स्क्रीनवर हृदयाऐवजी वीजमंडळच दिसायला लागलं! दोन तास वायरी बदलल्या. शेवटी मॅडमनी उजव्या पायाचा सुटलेला इलेक्ट्रोड दाखवला. आमच्या सर्किटमध्ये तो हृदयाचं काही मोजत नव्हता. सगळ्या इलेक्ट्रोडवर सारखाच येणारा गोंगाट उलटा करून शरीरात परत सोडायचा, म्हणजे तो दबायचा. इलेक्ट्रोड नीट चिकटवला आणि ठोके दिसले. त्या दिवशी मी सीईटीची पुस्तकं विकायला काढली.

नोकरीचं मात्र खरं सांगतो. आमच्या कॅम्पसला आलेल्या कंपन्यांना विक्रीला आणि मशीन दुरुस्तीला माणसं हवी होती. काम प्रतिष्ठेचं आहे, पण फिरतीचं. मला डिझाइन करायचं होतं, ते मिळालं नाही. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ची पद्धत सी भाषेत लिहिली होती. ईसीजीतला प्रत्येक ठोका शोधायचा: आधी फिल्टर, मग उतार, त्याचा वर्ग, मग सरकती सरासरी. त्या प्रोजेक्टवर सॉफ्टवेअरची नोकरी लागली. आजही तेच करतो, हॉस्पिटलशी संबंध नाही. याची खंत आहे, लपवत नाही.

तुमच्यापैकी कुणी मेडिकल हुकलं म्हणून इकडे येत असेल, तर आधी 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'चं एखादं पुस्तक आणून पहिली दोन प्रकरणं वाचा. गोडी लागली तर बिनधास्त या. एमटेकसाठी २०२० पासून गेटला बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपरही आहे. आमच्या वेळी दुसऱ्या शाखेचा द्यावा लागायचा.

खालू अजून विचारतात, "क्लिनिक कधी टाकतोस?" आता तुम्ही विचारा.